थरथरणारे चाक आणि त्याची परीक्षा

गेल्या नाताळच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास अलोऱ्यास आला. दहावीनंतर त्याने चिपळुणास एका गॅरेजात उमेदवारी केली, पुढे तो पुण्याकडे गेला आणि आता शर्यतीच्या मोटारी तयार करण्याच्या कामात असतो. चहा झाल्यावर त्याने आपली अडचण सांगितली. "सर, गाडी सुटताना अशी थरथरते की समोरचा एक दिवा दोन दिसतो. नवे टायर घातले, शॉकअप बदलले, क्लचही बदलला. पैसे गेले, पण थरथर गेली नाही. मालक म्हणतो, आणखी एका महिन्यात जमले नाही तर दुसरा माणूस बघतो. तुम्ही आम्हांला विज्ञान शिकवलेत. आता तुम्हीच सांगा."

मोटारदुरुस्तीत आमची गती बेताचीच, हे आम्ही त्यास प्रांजळपणे सांगितले. तथापि प्रश्न केवळ पान्यांचा व स्क्रूंचा नव्हता, तो घर्षणाचा, भाराचा व कंपनाचा होता. आणि त्याहूनही अधिक, दोष शोधावा कसा, हा होता. म्हणून आम्ही त्याजबरोबर वही उघडून बसलो. त्या विचारविनिमयातून जे हाती लागले, ते आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ही शर्यत कशी असते ते पाहू. हिला ड्रॅग शर्यत म्हणतात. हीत वळण नाही, चढ नाही, उतार नाही. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिव्यांच्या खांबावर हिरवा दिवा लागतो आणि दोघींनी सरळ रेषेत सुटावयाचे. अंतर बहुधा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा खेळ ओसाड धावपट्ट्यांवर वाढला, आणि रस्त्यांवरील बेफाम शर्यतींस आळा बसावा म्हणून वॉली पार्क्स या गृहस्थाने १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापून त्यास नियम घालून दिले. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाची शर्यत २०१० नंतरच्या दशकात भरू लागली. आमच्या विद्यार्थ्याची गाडी अशाच शर्यतीसाठी तयार होत होती.

आता थोडे गणित करू. समजा, एखादी मोटार गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने, म्हणजे दर सेकंदास ४.९ मीटर प्रतिसेकंद इतका वेग वाढवीत, अखेरपर्यंत धावली. नववीच्या सूत्राप्रमाणे ४०२ मीटर जावयास तिला सुमारे १२.८ सेकंद लागतील आणि शेवटी तिचा वेग ताशी सुमारे २२६ किलोमीटर असेल. या वेगात सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मोटार सहा मीटरांहून अधिक पुढे जाते. म्हणजे सुटताना जिने केवळ एक दशांश सेकंद घालविला, ती अखेरीस आपल्या स्वतःच्या लांबीहून अधिक मागे पडते. शर्यत संपते शेवटच्या रेषेवर, परंतु ती हरली जाते पहिल्या काही मीटरांत. म्हणूनच सुटतेवेळची थरथर ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

मोटार सुटते त्या क्षणी काय घडते? एस. टी. एकदम सुरू झाली म्हणजे आपण मागे झुकतो. तद्वत् मोटारीचा भारही मागच्या चाकांकडे ढळतो. समजा, मोटारीचे वजन १००० किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि पुढील-मागील चाकांमधील अंतर अडीच मीटर आहे. वर सांगितलेल्या त्वरणाने ती सुटली तर पुढील चाकांवरचा १०० किलो भार उठून मागे जातो. इंजिन मागील चाके फिरवीत असेल तर हे हिताचेच, कारण भार वाढला की जमिनीवरील पकड वाढते. परंतु हल्लीच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिन पुढील चाके फिरविते. तेथे नेमक्या गरजेच्या क्षणी पकड कमी होते. आमच्या विद्यार्थ्याची मोटार याच जातीची होती.

पकड म्हणजे घर्षण. ज्या दोन वस्तू एकमेकींवर स्थिर आहेत त्यांमधील घर्षण हे घसरत्या वस्तूंमधील घर्षणाहून बहुधा अधिक असते, हे आपण वर्गात शिकतो. याचा कर्कश पुरावा रोज फळ्यावर मिळतो. खडू सरळ उभा धरून ओढला की तो किंचाळतो. का? तो क्षणभर फळ्यास चिकटतो, किंचित वाकतो, मग सुटून पुढे उडतो, पुन्हा चिकटतो. हे चिकटणे व सुटणे सेकंदास शेकडो वेळा होते आणि आपण कानांवर हात ठेवतो. पावसाळ्यात फुगलेले दार कुरकुरते तेही याच कारणाने.

मोटारीच्या चाकात हा खडू म्हणजे टायर. इंजिनाचा जोर प्रथम लोखंडी रिमेस मिळतो. रिम फिरू पाहते, परंतु टायरचा तळ जमिनीस धरून असतो. मध्ये असलेली टायरची रबरी भिंत पीळ खाते, स्प्रिंगप्रमाणे शक्ती साठविते. जोर मर्यादेबाहेर गेला की तळ सुटतो, साठलेली शक्ती मोकळी होते आणि पुन्हा पकड मिळताच टायर पुन्हा पीळ खातो. ही आवर्तने वाढत गेली म्हणजे चाक जमिनीवर नाचू लागते. लहान मोटारीत चाकाला धरणारे भाग व इंजिनही त्या तालावर हिंदकळतात. आमच्या विद्यार्थ्याचे दुखणे ते हेच.

मोठ्या शर्यतींच्या मोटारींत याचे रूप अधिक भयंकर असते. तेथील सर्वांत बलाढ्य मोटारी सुमारे ३०५ मीटर अंतर चार सेकंदांच्या आत तोडतात आणि ताशी ५०० किलोमीटरांच्याही पुढे जातात. त्यांच्या मागील टायरांस नक्षी नसते आणि त्यांत दहा पौंडांहूनही कमी हवा असते. सुटताना त्यांच्या भिंती ओल्या कपड्याप्रमाणे चुण्या पडून मुडपतात. चाक योग्य प्रमाणात घसरत पुढे गेले तर चुण्या उलगडतात. परंतु जमिनीची पकड जोराच्या मानाने अधिक झाली, तर चाक आपल्याच चुणीवर चढते, पलीकडे आदळते व पुन्हा चढते. याच्या अगदी उलट, जोर फार अधिक झाला, तर चाक सुटते, धरते, पुन्हा सुटते. आणि तेव्हाही मोटार तशीच थरथरते.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे, कारण या लेखाचे मर्म येथे आहे. लक्षण एक, कारणे दोन, आणि तीही परस्परविरुद्ध. पहिल्या प्रकारात जोर थोडा वाढविला पाहिजे, म्हणजे चाक जरासे घसरून मोकळे होईल. दुसऱ्यात तो कमी केला पाहिजे. जो केवळ थरथर पाहून औषध देईल तो निम्म्या वेळी रोग वाढवील.

हा रोग किती वाढू शकतो, याचे एक दुःखद उदाहरण आहे. १९ मार्च २००७ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात गेन्सव्हिल येथे एरिक मेडलेन हा तरुण चालक सराव करीत असता त्याच्या मोटारीस टायरची विलक्षण तीव्र थरथर सुरू झाली. त्या हादऱ्यांनी त्याच्या मेंदूस जबर इजा होऊन चार दिवसांनी तो मरण पावला. त्याची मोटार सज्ज करणारा प्रमुख कारागीर त्याचा पिता जॉन मेडलेन हाच होता. पुत्रशोकाने तो पिता हातपाय गाळून बसला नाही. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी चालकाभोवतालचा लोखंडी पिंजरा व डोक्याजवळचे आच्छादन अधिक सुरक्षित कसे होईल, या शोधास स्वतःस वाहून घेतले, आणि पुढील चालकांस त्याचा लाभ झाला.

तर मग परीक्षा कशी करावी? आम्ही विद्यार्थ्यास म्हटले, "पान्याला हात लावण्यापूर्वी पुरावा गोळा कर." त्याने व आम्ही मिळून वहीत पुढील क्रम लिहिला.

पहिला पुरावा जमिनीवरचा. सुटल्या जागेवर टायरचा काळा माग पाहावा. सलग व लांब असेल तर चाक नुसतेच घसरले. तुटक, ठिपक्याठिपक्यांचा असेल तर चाक नाचले. माग मुळीच नसेल आणि गाडी मंद सुटली असेल तर जोरच अपुरा पडला. दुसरा पुरावा इंजिनाचे फेरे दाखविणाऱ्या काट्याचा. क्लच सोडताच काटा खाली कोसळला तर इंजिन गुदमरले. एकदम वर उडाला तर पकड सुटली. वरखाली नाचू लागला तर तो चाकाच्या नाचाचाच पडसाद होय. तिसरा पुरावा खडूचा. रिमेवरून टायरवर जाणारी एक सरळ रेघ आखावी. सुटून आल्यावर ती तुटलेली दिसली तर रिम टायरच्या आतल्या आत फिरली आहे. चौथा पुरावा हवेचा. चाके थंड असता दोन्ही बाजूंची हवा मोजावी. दोहोंत फरक असेल तर बाकी सारी परीक्षा व्यर्थ. पाचवा पुरावा मोबाइलच्या कॅमेऱ्याचा. कित्येक मोबाइल सेकंदास २४० चित्रे घेतात. ती संथ गतीने पाहिली म्हणजे डोळ्यांस न दिसणारे दिसू लागते. जुन्या जीपगाड्यांत अशा वेळी मागील पाटे पीळ खाऊन वाकताना दिसतात. पुढील चाकांच्या मोटारीत चाकांइतकेच इंजिनाकडे लक्ष द्यावे.

आणि सर्वांत मोठा नियम हा की एका फेरीस एकच बदल करावा व त्याचा परिणाम वहीत लिहावा. तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि थरथर कमी झाली, तर कोणत्या गोष्टीने, हे कोण सांगणार? वाढली, तरीही तोच प्रश्न. आमच्या विद्यार्थ्याने हीच चूक केली होती. बाजारात जे सहज मिळते ते त्याने बदलले होते; जे बिघडले होते ते अद्याप पाहिलेच नव्हते.

मार्च महिन्यात त्याचा फोन आला. माग तुटक होता, काटा नाचत होता, खडूची रेघ अभंग होती, हवा सारखी होती. मग त्याने बॉनेट उघडे ठेवले, पायाने ब्रेक पक्का दाबला, गाडीसमोर कोणास उभे राहू दिले नाही, आणि पहिल्या गिअरात क्लच किंचित सोडून बाजूने चित्रण करविले. संथ चित्रात इंजिन एका अंगाने उचलताना स्पष्ट दिसले. ज्या रबरी बैठकीवर ते टेकते, ती माउंटिंग आतून फाटली होती. टायर, शॉकअप व क्लच यांपुढे तिची किंमत नगण्य. ती एकच बदलली आणि तुटक माग सलग झाला. चाक अजूनही थोडे घसरत होते, परंतु नाच थांबला होता. "आता घसरण्याचा विचार पुढच्या फेरीत, सर," असे तो म्हणाला. हे वाक्य ऐकून आम्हांस जो आनंद झाला तो शर्यतीतील जयाच्या वार्तेने झाला नसता. मालकाने त्यास कामावर कायम ठेवले, हेही येथे सांगितले पाहिजे.

आमच्या कित्येक पालकांस ही पद्धती नवी नाही. कोळकेवाडी धरणाच्या वीजगृहात ८० मेगावॅटची चार यंत्रे आहेत. फिरत्या यंत्राचा हादरा वाढला असता तेथील माणूस हाती येईल तो बोल्ट आवळीत सुटत नाही. आधी मोजतो, नोंद पाहतो, मग निर्णय करतो. आपल्या मुलांस ही सवय घरीच दाखविता येईल.

एक गोष्ट कबूल केल्यावाचून लेखणी खाली ठेववत नाही. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी तोंडी उत्तरे चोख देई, परंतु फळ्यावरचे उतरवून घेताना अडखळे. आम्ही आळस असे निदान केले आणि अभ्यासाचा भार वाढविला. तो अधिकच अडखळू लागला, आणि अखेर त्याने शाळा सोडली. त्याची दृष्टी अधू होती, हे आम्हांस मागाहून कळले. त्यास पहिल्या बाकावर बसविले असते तर पुरते. जोर वाढविण्यापूर्वी आम्ही पाहिले नाही, एवढाच आमचा अपराध. परंतु तो लहान नव्हे.

शेवटी मुलांस एक सक्त सूचना. वर सांगितलेली शर्यत बंद धावपट्टीवर, शिरस्त्राण घालून, रुग्णवाहिका जवळ ठेवून खेळावयाची असते. चिपळूणचा रस्ता किंवा कुंभार्ली घाट ही तिची जागा नव्हे. तेथे समोरून येणारी एस. टी. कोणाच्या तरी आईस घरी आणीत असते. ज्यांस या विद्येची खरी गोडी असेल त्यांनी उद्या सकाळी फळ्यापाशी यावे. खडू आम्ही देऊ. तो का किंचाळतो आणि किती तिरपा धरला असता गप्प बसतो, ते एका वेळी एकच बदल करून त्यांनी शोधावे व वहीत लिहून आम्हांस दाखवावे.