बोटभर तारेचा बिघाड

महाडहून मुंबई सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. गणपतीला किंवा शिमग्याला गावी येणारा चाकरमानी तासन् तास एस.टी.त बसतो, तेव्हा कानात हेडफोन असतोच. पोलादपूरच्या डोंगरवाडीत कीर्तन ऐकणारे आजोबा आणि स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं ऐकणारी नात, दोघांनाही वायरचाच हेडफोन परवडतो. त्याला वेगळं चार्जिंग लागत नाही. मग एक दिवस उजवा कान मुका होतो आणि अख्खा हेडफोन कचऱ्यात जातो. खरं तर त्यात बिघडलेली असते बोटभर तार. बाकी सगळं शाबूत असतं. ती बोटभर जागा शोधता आली की निम्मी दुरुस्ती झाली.

तार तुटते कुठे?

वायर मधोमध क्वचितच तुटते. जॅकच्या मानेपाशी, दोन कानांच्या फाट्यापाशी आणि कानातल्या बोंडाच्या तोंडाशी ती वारंवार वाकते. आतल्या तांब्याच्या तारा केसाएवढ्या बारीक असतात. रोजच्या वाकण्याने त्या थकतात आणि एकेक करून तुटतात. वरचं आवरण मात्र धड दिसतं. फोनला गुंडाळून खिशात कोंबलेली वायर म्हणूनच लवकर जाते.

त्यात आपल्याकडचा पावसाळा. घामाचा खारटपणा आणि चार महिन्यांची दमट हवा आवरणाच्या भेगेतून आत शिरते आणि तांब्यावर हिरवट-काळा थर चढतो. अशा तारेवर सोल्डर धरत नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत ती मागे कापत जावं लागतं.

आधी निदान

हेडफोन प्रथम दुसऱ्या फोनला लावून पाहा. तिथे नीट वाजला तर दोष आपल्या फोनच्या भोकात आहे. तिथे साचलेला खिशातला कापूस लाकडी टूथपिकने, फोन बंद करून, हलकेच काढा. दुसऱ्या फोनवरही दोष दिसला तर गाणं चालू ठेवून वायर इंचाइंचाने वाकवत चला. आवाज ये-जा करेल ती तुटलेली जागा.

एक खूण फार उपयोगी आहे. गायकाचा आवाज नाहीसा झाला आणि मागचं संगीत पोकळ ऐकू आलं, तर दोन्ही कानांची सामाईक तार तुटली आहे असं समजा. तेव्हा दोन्ही बाजूंमधला फरक तेवढा वाजतो आणि दोन्हींकडे सारखा असलेला गळा नाहीसा होतो. जुनं मोनो गाणं तर जवळजवळ ऐकूच येत नाही.

मल्टीमीटर असेल तर जॅकच्या टोकापासून सामाईक पट्टीपर्यंत रोध मोजा. बहुतेक छोटे हेडफोन 16 किंवा 32 ओहमचे असतात, त्यामुळे आकडा त्याच्या आसपास यायला हवा. काहीच आकडा आला नाही, तर तार तुटली आहे.

जोडणी

जॅकपाशीच तुटली असेल तर जुना जॅक कापून टाका आणि 3.5 मिलिमीटरचा, उघडता येणारा नवा जॅक आणा. माइक असेल तर तीन काळ्या रेघांचा, नसेल तर दोन रेघांचा. सोल्डर करण्याआधी जॅकचं टोपण आणि उष्णतेने आवळणारी नळी वायरमध्ये ओवून ठेवा. हे राहून गेलं तर केलेली जोडणी पुन्हा उकलावी लागते.

आतल्या रंगीत तारांवर इनॅमलचा पातळ थर असतो. नुसता पीळ दिला तर वीज जात नाही ती यामुळे. तो थर बारीक पॉलिशपेपरने हलकेच खरवडा किंवा तापलेल्या सोल्डर गनच्या टोकाशी फ्लक्स लावून जाळा. तारांमधले नायलॉनचे धागे कापून टाका. लाल तार बहुधा उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्या कानाची आणि तांब्याच्या रंगाची सामाईक असते. पण कंपनीगणिक रंग बदलतात, म्हणून मीटरने खात्री करा.

दोन रेघांच्या जॅकमध्ये टोक डावं, मधली पट्टी उजवी, बूड सामाईक. तीन रेघांच्या सध्याच्या प्रचलित जॅकमध्ये टोक डावं, मग उजवं, मग सामाईक आणि बुडाशी माइक.

25 वॅटची सोल्डर गन पुरते. आधी तारेच्या टोकाला आणि जॅकच्या पट्टीला वेगवेगळं सोल्डर लावा, मग दोन्ही जुळवून क्षणभर तापवा. जास्त वेळ गन टेकवली तर प्लास्टिक वितळतं. कुठलीही उघडी तार दुसरीला टेकत नाही ना, हे पाहून नळी आवळा. जॅकमधली पकड वायरच्या बाहेरच्या आवरणावर दाबून बसवा, म्हणजे पुढचा ताण जोडणीवर येणार नाही. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात धुवा आणि लहान मुलांना दूर बसवा.

कुठे थांबायचं?

22 जुलै 2021 च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेलं, तेव्हा कितीतरी घरांतली उपकरणं चिखलात भिजली. बॅटरी असलेला बिनवायरचा हेडफोन असा भिजला, तर तो चार्जिंगला लावू नये आणि घरी उघडूही नये, कारण लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. वायरच्या हेडफोनमध्ये तो धोका नाही. आतला पडदाच फाटला असेल, तर मात्र वायर जोडून उपयोग नाही.

डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, म्हणजे दुरुस्तीचा हक्क आता सरकारदरबारीही पोचला आहे. तो वापरण्यासाठी हातही तयार हवेत. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या जाणत्या मुलामुलींपुढे एक मुका हेडफोन, मीटर आणि सोल्डर गन ठेवा. वस्तू टाकण्याआधी तिचा बिघाड शोधायची सवय त्यांना लागली, तर पुढे पंखा, इस्त्री, मिक्सर यांच्याकडेही ती त्याच नजरेने पाहतील.