सिस्टरच्या नाकातला भाडेकरू

नाकाचा स्वॅब पॉझिटिव्ह आला की वॉर्डात कुजबुज सुरू होते, जणू सिस्टरच आजारी आहे. खरं तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू साधारण चौघांतल्या एका धडधाकट माणसाच्या नाकपुडीत बिऱ्हाड करून असतो. ताप नाही, सर्दी नाही. पालघरच्या ओपीडीत बाकावर बसलेल्या नातेवाइकांपैकी काहींच्या नाकातही तो असणारच.

काळजी असते ती जखमेची. तारापूर एमआयडीसीत स्फोट झाला की भाजलेले कामगार येतात, त्यांची कातडीच गेलेली असते. नाकाला लागलेला हात न धुता ड्रेसिंगला लागला, तर जंतूला आणखी काय हवं? त्यात तो 'एमआरएसए', म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा ऑरियस, असेल तर नेहमीची अँटिबायोटिक्स हात टेकतात. २००८-०९ मध्ये देशातल्या मोठ्या रुग्णालयांच्या पाहणीत ऑरियसच्या नमुन्यांपैकी सुमारे ४० टक्के एमआरएसए निघाले होते.

मग सगळ्या स्टाफच्या नाकात म्युपिरोसिन हे जंतुनाशक मलम लावून टाकावं? नको. २ टक्क्यांचं हे मलम दिवसातून दोनदा, पाच दिवस लावलं की बहुतेकांचं नाक स्वच्छ होतं. पण काही महिन्यांत अनेकांकडे भाडेकरू परत येतो. 'असू दे, रोज थोडं लावते' हे तर सगळ्यात वाईट. अशाने औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि प्रतिकाराची जनुकं एकमेकांना वाटतात. औषधांच्या कारखान्यांशेजारी राहून आपल्याला ट्यूब म्हणजे घरचाच माल वाटतो, तिथेच घोळ होतो. शिवाय मेडिकलमधली कातडीची ट्यूब नाकासाठी नसते; तिचं आधारद्रव्य नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला झोंबू शकतं. नाकाचं मलम वेगळं, पॅराफिनमधलं.

मलमाचा भक्कम पुरावा आहे तो रुग्णांबाबत. नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासात ज्यांच्या नाकात ऑरियस होता अशा रुग्णांना हे मलम आणि क्लोरहेक्सिडिनचा साबण दिला. त्यांच्यात ऑरियसचा संसर्ग ३.४ टक्के, नुसतं दिखाऊ औषध मिळालेल्यांत ७.७ टक्के. कर्मचाऱ्यांचे स्वॅब घ्यायचे ते एकाच जातीच्या जंतूने बरेच रुग्ण आजारी पडले आणि धागा स्टाफकडे जातोय अशी शंका आली तरच. पॉझिटिव्ह निघालेल्याला मलम दिलं, तर ते बंद करून काही दिवस गेल्यावर पुन्हा तपासायचं. मलम चालू असताना आलेला निगेटिव्ह रिपोर्ट फसवा असतो.