सत्य, करुणा आणि खेळाडू : व्हिडिओ गेममधील हितकारक असत्याचा प्रश्न

प्रस्तावना

सत्य बोलावे की समोरच्या माणसाचे हित पाहावे, हा नीतिविचारातील अत्यंत जुना पेच होय. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो. सदैव सत्यच बोलण्याचे व्रत घेतलेल्या या ब्राह्मणाने, जीव वाचविण्यासाठी पळालेल्या माणसांची वाट दरोडेखोरांना खरीखुरी सांगितली. ती माणसे मारली गेली आणि कौशिकाला नरकाची प्राप्ती झाली. याच्या अगदी उलट भूमिका इमॅन्युएल कांट याने १७९७ मधील एका निबंधात घेतली. खुनी इसम दाराशी येऊन घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला, तरी त्याच्याशी असत्य बोलण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही, असे त्याचे म्हणणे. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'तील (१९१५) 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात सत्याच्या अपवादांची चर्चा करताना महाभारतातील दाखले आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञांची मते शेजारी शेजारी ठेवली आहेत. तेव्हा मराठी वाचकास हा विषय परका नाही.

प्रस्तुत लेखात या पेचाचा विचार एका निराळ्या, आणि काहींना कदाचित पोरकट वाटेल अशा क्षेत्राच्या संदर्भात करावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे व्हिडिओ गेम. आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी कौशिकाची कथा वाचलेली नसते. परंतु मरणोन्मुख माणसाला खरे सांगावे की धीर द्यावा, हा प्रश्न त्यांनी पडद्यावर अनेकदा सोडविलेला असतो. महाभारताचा वाचक युधिष्ठिराच्या 'नरो वा कुंजरो वा' या उद्गाराचे मूल्यमापन करतो. खेळाडूला मात्र तो उद्गार स्वतः काढावा लागतो, किंवा गिळावा लागतो. हा फरक लहान नव्हे.

येथे एक मर्यादा आखून घेणे आवश्यक आहे. युधिष्ठिराचे अर्धसत्य युद्ध जिंकण्यासाठी होते. ज्याला ते सांगितले त्या द्रोणाचार्यांच्या हितासाठी नव्हते. हितकारक असत्य म्हणजे ऐकणाऱ्याच्या कल्याणासाठी सांगितलेले किंवा मौनाने साधलेले असत्य. सिसेला बोक यांनी खोटेपणावरील आपल्या १९७८ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, असत्य सांगणारा त्यातील लाभ नेहमीच वाढवून पाहतो; म्हणून अशा असत्याची पारख फसविल्या गेलेल्या माणसाच्या जागी उभे राहून करावयास हवी. पुढील विवेचनात ही कसोटी वारंवार उपयोगी पडेल.

मोजलेले सद्गुण

या विषयाचा आरंभ १९८५ मधील 'अल्टिमा ४' या खेळापासून करणे इष्ट ठरेल. रिचर्ड गॅरियट यांच्या या खेळात मारावयाचा कोणी खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता या आठ सद्गुणांत पूर्णत्व मिळवून 'अवतार' होणे हे खेळाडूचे उद्दिष्ट. (हा शब्द गॅरियट यांनी आपल्याच परंपरेतून उचलला. आपल्याकडे अवतार वरून खाली उतरतो, येथे मात्र खेळाडू खालून वर चढतो, हा उलटा प्रवास मौजेचा आहे.)

खेळाच्या प्रारंभी एक भविष्य सांगणारी स्त्री पत्ते मांडून सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण एकमेकांसमोर उभे केलेले असतात. प्रामाणिकपणा व करुणा यांच्यातील पेच असा : न मोजलेल्या सोन्याच्या नाण्यांची थैली पोहोचविण्याचे काम आपल्यावर सोपविले आहे आणि वाटेत एक दरिद्री भिकारी भेटतो. थैली जशीच्या तशी पोहोचवावी, की एखादे नाणे गेल्याचे कोणाला कळणार नाही म्हणून ते भिकाऱ्याला द्यावे? या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. उत्तरांवरून फक्त खेळाडूची प्रकृती ठरते : प्रामाणिकपणा सर्वांत वरचढ ठरला तर तो मांत्रिक होतो, करुणा ठरली तर भाट.

परंतु खेळ पुढे सुरू झाला की चित्र पालटते. वनौषधी विकणारी स्त्री आंधळी आहे. किती पैसे दिले हे खेळाडूने स्वतःच सांगावयाचे असते. कमी दिले तर त्या क्षणी काहीच घडत नाही. आत कोठेतरी लपविलेल्या आकड्यातून प्रामाणिकपणा मात्र कमी होतो. भिकाऱ्याला दान दिले की करुणेचा आकडा वाढतो. प्रारंभीच्या प्रश्नांत सद्गुण एकमेकांशी झगडत होते. आता प्रत्येकाचे खाते स्वतंत्र झाले. प्रामाणिकपणा मिळविण्यासाठी करुणा गमवावी लागेल, असा प्रसंग क्वचितच येतो. खऱ्या जीवनातील अडचण नेमकी येथेच असते. असे असूनही, खलनायकाला मारणे हेच यश मानणाऱ्या काळात आंधळ्या विक्रेतीला पूर्ण पैसे देणे हे यशाचे गमक ठरविणे, ही गोष्ट मला आजही धाडसाची वाटते.

शब्द तेच, हेतू निराळा

१९९९ मधील 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' या खेळाने हा प्रश्न भाषेच्या पातळीवर नेला. यातील नायकाला नाव नाही आणि स्मृतीही नाही. तो शवागारात जागा होतो. तेथेच त्याला डिओनारा नावाच्या स्त्रीचे भूत भेटते. नायकाच्या पूर्वीच्या एका रूपावर प्रेम करून ती मेली. आता ती त्याला ओळखते आणि तो तिला ओळखत नाही.

या खेळाचे वैशिष्ट्य असे की, काही ठिकाणी संवादाच्या पर्यायांत एकच वाक्य दोनदा दिलेले असते : एकदा त्यामागे 'खरे' अशी खूण असते, एकदा 'खोटे' अशी. ऐकणाऱ्याच्या कानावर पडणारे शब्द तेच. बदलतो तो केवळ बोलणाऱ्याचा हेतू, आणि तो हेतू खेळाडूने जाहीर करावयाचा असतो. असत्य निवडले की नायकाच्या स्वभावाचा काटा अराजकाकडे थोडा सरकतो. नाटकात किंवा कादंबरीत पात्राचा अंतःस्थ हेतू लेखक सांगतो. येथे तो वाचकाला ठरवावा लागतो, आणि ठरविण्यापूर्वी स्वतःला विचारावा लागतो.

डिओनाराच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र होतो. स्मृती नसलेल्या माणसाने तिला 'मला आठवते' असे म्हणावे काय? त्याने तिला समाधान मिळेल. पण पुढे एका स्मृतिशिलेतून उघड होते की, नायकाच्या जुन्या, हिशेबी रूपाने तिला आपल्या कामासाठी वापरून घेण्यासाठीच खोट्या प्रेमाची भाषा वापरली होती. हे कळल्यावर खेळाडूचे आधीचे दयाळू असत्यही निष्पाप राहत नाही. तेच तोंड, तीच स्त्री, तशीच गोड वाक्ये. बोक यांची कसोटी लावली तर, डिओनाराच्या जागेवरून या दोन असत्यांत फरक दिसण्याचे कारण नाही. हितकारक असत्याविषयीचा इतका कठोर युक्तिवाद एखाद्या खेळाने मांडावा, हे अनेकांना अनपेक्षित वाटेल.

पळवाट आणि तिची किंमत

'मास इफेक्ट २' (२०१०) मधील टालीचा खटला हे वरकरणी याहून सोपे उदाहरण आहे. टाली ही नायकाची सहकारी. जिवंत यंत्रमानव आपल्या लोकांच्या ताफ्यात पाठविल्याचा तिच्यावर आरोप आहे आणि शिक्षा हद्दपारीची. तपासात निष्पन्न होते की खरा अपराध तिच्या पित्याचा होता, आणि तो आपल्याच प्रयोगात मारला गेला आहे. पुरावा न्यायासनापुढे ठेवला तर टाली सुटते, पण पित्याचे नाव कायमचे काळवंडते. टाली हात जोडते : पुरावा दाखवू नका.

तिचे ऐकून मौन पाळले तर ती हद्दपार होते, पण नायकावरील तिची निष्ठा टिकते. पुरावा दाखविला तर ती निर्दोष ठरते आणि नायकावरील तिचा विश्वास जातो. येथवर पेच खरा आहे, आणि त्यात एक सूक्ष्म वळणही आहे : येथे असत्याची मागणी करणारी व्यक्ती व त्याची झळ सोसणारी व्यक्ती एकच आहे. आपल्या भल्यासाठी तिला फसविणे नव्हे, तर तिच्या इच्छेखातर इतरांपासून सत्य लपविणे, असा हा प्रकार होय.

दुर्दैवाने खेळाने येथे तिसरी वाट ठेवली आहे. ज्याने आधीच्या संवादांतून सज्जनपणाचे किंवा उद्दामपणाचे पुरेसे गुण साठविले असतील, त्याला एक प्रभावी भाषण करता येते. मग टालीही सुटते आणि पित्याची लाजही राहते. परिणामी अनेक खेळाडू प्रत्येक संवादात एकाच रंगाचा पर्याय निवडत जातात. निवड करावयाची ती त्या प्रसंगाकडे पाहून नव्हे, तर पुढे लागणाऱ्या गुणांकडे पाहून. पुण्य साठवून संकटात वटविण्याची कल्पना आपल्याला अनोळखी नाही, हे खरे; पण नीतिनिर्णयाचे शिक्षण म्हणून तिचे मोल शंकास्पद आहे.

ल्यूकस पोप यांचा 'पेपर्स, प्लीज' (२०१३) हा खेळ हिशेबच करतो, परंतु प्रामाणिकपणे. खेळाडू एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर कागदपत्रे तपासणारा कारकून आहे. एका माणसाची कागदपत्रे बिनचूक असतात. त्याच्यामागे उभ्या असलेल्या पत्नीकडे प्रवेशाचा परवाना नसतो. तिच्या पारपत्रावर मंजुरीचा शिक्का मारणे ही शासकीय असत्योक्ती होय. दिवसातील पहिल्या दोन चुकांवर केवळ ताकीद मिळते, तिसरीपासून पगार कापला जातो. म्हणजे दयेलाही रोजचा शिधा आहे, आणि तो संपल्यावर घरच्या आजारी माणसांच्या औषधातून ती करावी लागते.

मौन, लहान मूल आणि उलटा फिरणारा काळ

'द वॉकिंग डेड' (२०१२) या खेळात ली एव्हरेट हा खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस, जग कोसळलेले असताना, क्लेमेंटाइन या आठ वर्षांच्या मुलीचा सांभाळ करतो. तिचे आईवडील परगावी आहेत. घरातील दूरध्वनीवर त्यांनी ठेवलेले निरोप ऐकून ते परतण्याची आशा फारशी नाही, हे लीला कळते. मुलीला आशा द्यावी काय, आपला गुन्हा तिला सांगावा काय, हे प्रश्न पुनःपुन्हा उभे राहतात. उत्तर देण्यास काही क्षणच मिळतात. मौन हाही एक पर्याय असतो. उत्तरानंतर पडद्यावर गुण येत नाहीत. क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवील, एवढीच सूचना झळकते. माझ्या मते आकड्यापेक्षा ही सूचना अधिक प्रगल्भ आहे, कारण ती परिणाम सांगत नाही, साक्षीदार सांगते. लहान मुलांशी 'त्यांच्या भल्यासाठी' खोटे बोलणे आपल्या घरांतून इतके रूढ आहे की, मूल ते स्मरणात ठेवते हे आपण विसरूनच जातो.

'लाइफ इज स्ट्रेंज' (२०१५) मध्ये मॅक्स या विद्यार्थिनीला काळ मागे नेण्याची शक्ती लाभलेली आहे. बोललेले वाक्य, त्याचा परिणाम पाहून, ती परत घेऊ शकते. शेवटच्या भागात डेव्हिड तिला एका खुन्याच्या तळघरातून सोडवितो आणि आपल्या सावत्र मुलीविषयी, क्लोईविषयी, विचारतो. क्लोई मारली गेली आहे, हे सांगितले तर डेव्हिड बांधलेल्या खुन्याला जागीच गोळी घालतो. सांगितले नाही तर तो घालत नाही. प्रश्नाची गुंतागुंत एवढ्यावर संपत नाही. मॅक्स लवकरच काळ बदलून क्लोईला जिवंत करण्याच्या खटपटीत आहे. म्हणजे जे सत्य डेव्हिडला सांगावयाचे, ते काही वेळाने सत्यच राहणार नाही. मग ते लपविणे असत्य ठरेल काय? आणि खोडल्या जाणाऱ्या काळात का होईना, एका बापाने ते दुःख भोगावे काय? सत्य म्हणजे घडलेल्या वस्तुस्थितीशी मेळ, अशी आपली व्याख्या; वस्तुस्थितीच तात्पुरती असेल तर काय करावे, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गातही चर्चेस घेण्याजोगा आहे.

निवड न देणारा खेळ

शेवटी कान गाव यांच्या 'टू द मून' (२०११) या लहानशा खेळाचा विचार करावयाचा आहे. यात खेळाडूला नैतिक निवड करण्याची संधी जवळजवळ नाहीच, तरीही या विषयावरील सर्वांत खोल विवेचन मला येथे आढळते.

इव्हा रोझलीन आणि नील वॉट्स हे दोन डॉक्टर मृत्युशय्येवरील माणसांच्या स्मृतीत बदल करून देतात. अपुरी राहिलेली इच्छा पुरी झाली, अशा समजुतीत रुग्ण प्राण सोडतो. म्हणजे हितकारक असत्य हा येथे रीतसर व्यवसाय आहे. वृद्ध जॉनीला चंद्रावर जावयाचे आहे, पण का, हे त्याला स्वतःलाच माहीत नाही. कारण त्याच्या बालपणात दडलेले आहे. भावाच्या अपघाती मृत्यूनंतर दिलेल्या औषधांनी त्याची त्या काळातील स्मृती पुसली गेली, आणि तिच्याबरोबर रिव्हर या मुलीशी झालेली पहिली भेटही गेली. हरवलो तर चंद्रावर भेटू, असे त्या दोघांचे ठरले होते.

पुढे हीच रिव्हर जॉनीची पत्नी होते. एके दिवशी तो तिला प्रामाणिकपणे सांगून टाकतो की, शाळेत आपण तिच्याजवळ गेलो ते ती इतरांहून वेगळी होती म्हणून. त्याच्या दृष्टीने हा निखळ खरेपणा. परंतु मुळात ते दोघे त्याआधीच भेटले होते; त्याला ते आठवत नव्हते, तिला आठवत होते. म्हणजे त्याचे वाक्य प्रामाणिक होते आणि अपुरेही. त्यानंतर रिव्हर कागदाचे ससे करू लागते, त्या पहिल्या भेटीची आठवण देण्यासाठी. स्पष्ट शब्दांत मात्र कधीच सांगत नाही, आणि तसेच करीत मरते. सत्यनिष्ठा आणि सत्य यांतील अंतर यापेक्षा साध्या घटनेतून दाखविणे कठीण आहे.

जॉनीची इच्छा पुरी करण्यासाठी इव्हा त्याच्या शाळेच्या दिवसांतून रिव्हरलाच हलविते आणि गेलेल्या भावाला परत आणते. नील याला कडाडून विरोध करतो. करार झाला आहे, रुग्णाने स्वतः मागितले आहे, असे इव्हाचे म्हणणे; आपण त्याचे सर्वस्व काढून घेत आहोत, असे नीलचे. त्यांचा वाद चालू असताना खेळाडूच्या हाती काही नसते. तो फक्त पुढे चालू शकतो. हा खेळ साधारण चार तासांत पुरा होतो आणि त्यात लढाई नाही. नीतिशास्त्राच्या एखाद्या सत्रात तो विद्यार्थ्यांकडून पुरा करून घेऊन, जॉनीने जे मागितले ते त्यालाच ठाऊक नव्हते, तर त्याची संमती ग्राह्य कशी, एवढा एकच प्रश्न फळ्यावर लिहिता येईल.