मालेगावचा उडता नायक

परीक्षा संपल्या की घरातील चौदा-पंधरा वर्षांची मुले गच्चीवर जमतात. आजीची शाल खांद्यावर घेऊन कुणी राजा होतो, कुणी राक्षस, आणि एकाच्या हाती मोबाइल असतो. दुकानातून दमून आलेल्या वडिलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. तसे वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु रागावण्यापूर्वी मालेगावकडे एकदा पाहावे.

यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवीत. त्यांनी कोणत्याही संस्थेत शिक्षण घेतले नाही. दोन व्हीसीआर जोडून चित्रफितींची काटछाट करता करता ते शिकले. 2000 च्या सुमारास मित्रांना घेऊन त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर आले! सुमारे 50 हजार रुपयांत झालेला हा चित्रपट पाहायला गाव लोटले.

पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला. नायक शफीक शेख हे यंत्रमाग कामगार, अंगाने अगदी काटकुळे. त्यांना उडवायचे कसे? हिरव्या कापडासमोर नायकाला आडवे ठेवून चित्रण करायचे, मग संगणकावर हिरवा रंग काढून तेथे आकाश बसवायचे. माणसाच्या कांतीत हिरवी छटा नसते, म्हणून हा रंग निवडतात. कापडाच्या व्यापाऱ्यांना यातील मेख लगेच उमगेल: कापड एकरंगी आणि ताणून बसवलेले हवे. सुरकुतीची सावली पडली की छटा बदलते आणि आकाशाला ठिगळ दिसते. नायकाच्या अंगावरही हिरवे वस्त्र चालत नाही, नाहीतर तेवढे अंगच अदृश्य होते!

चित्रीकरणात एकदा कॅमेराच पाण्यात पडला, मधेच नायकाचे लग्न निघाले. तरी चित्रपट पुरा झाला. या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये माहितीपट केला. शफीक शेख 2011 मध्ये कर्करोगाने गेले. 2025 मध्ये या मित्रमंडळीवर हिंदी चित्रपटही आला.

नासिर आणि त्यांचे सोबती प्रौढ होते, पोटाचा धंदा सांभाळून हे करीत होते. आपली मुले अजून शाळकरी आहेत, हा भेद मोठा आहे. तेव्हा सुट्टीपुरती मुभा द्यावी, दुकानातील पाच मीटर हिरवे कापडही द्यावे. खर्चाची वही मात्र दर रविवारी मागून घ्यावी.