गोळी मेंदूत काय करते?

गणित अर्धवट सोडून खिडकीबाहेर पाहणारं एडीएचडीचं (लक्ष टिकवण्यात अडचण येण्याचा विकार असलेलं) मूल आळशी नसतं. मन भटकताना मेंदूतलं ‘डिफॉल्ट मोड’ जाळं जागं असतं. कामाच्या वेळी ते शांत व्हायला हवं. एडीएचडीत अनेकदा ते पुरेसं शांत होत नाही. एडीएचडीवर दिलं जाणारं मेथिलफेनिडेट हे औषध डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही मेंदूतली रसायनं पेशींत परत शोषली जाणं रोखतं. त्यामुळे कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाला बळ मिळतं. एमआरआय अभ्यासांत हे भटकं जाळंही कामाच्या वेळी अधिक शांत झालेलं दिसलं. शिवाय डोपामिनमुळे कंटाळवाणं काम करावंसं वाटू लागतं, आणि हा लाभ मोठाच. साध्या गोळीचा परिणाम साधारण ४ तास टिकतो. दुष्परिणाम म्हणून भूक मंदावू शकते, झोप उशिरा लागू शकते. वजन-उंची तपासत राहावी लागते. परीक्षेपुरती कुणाची गोळी मागून घेऊ नका.