जपानमधली ‘आयुष्यभराची नोकरी’ नेमकी कोणाची?

जपानमध्ये एकदा नोकरी लागली की माणूस रिटायर होईपर्यंत तिथेच, असं आपण ऐकत आलोय. त्याला तिकडे ‘शूशिन कोयो’ म्हणतात. गंमत म्हणजे अशी हमी देणारा कायदा जपानमध्ये कधीच नव्हता. मग ही सुरक्षितता आली कुठून?

थोडी रिवाजातून, थोडी कोर्टातून. महायुद्धानंतरच्या कडव्या संपांनंतर मोठ्या कंपन्या आणि युनियन यांच्यात एक अलिखित तडजोड रुजली. कंपनी सहसा काढणार नाही, पण ती पाठवेल त्या गावी जायचं, देईल ते काम करायचं. भरती कॉलेजमधून थेट, दर एप्रिलला.

कोर्टाचं उदाहरण बघा. कोची शहरातला एक रेडिओ निवेदक दोन आठवड्यांत दोनदा झोपून राहिला. एकदा सकाळी सहाच्या बातम्या पूर्ण बुडाल्या, एकदा अर्ध्या. कंपनीने त्याला काढलं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं: चूक खरी, पण शिक्षा फार जड. त्याला उठवायचं काम ज्याचं होतं, तो सहकारीही झोपलेला होता आणि त्याला फक्त ताकीद मिळाली होती. सबळ कारणाशिवाय काढता येत नाही, हे तत्त्व आज श्रम करार कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे.

अमेरिकेत काम करणाऱ्यांना हे स्वप्नवत वाटेल. पण याची दुसरी बाजूही आहे. काढणं कठीण, तर मग कायम घ्यायचंच कशाला? १९९० च्या दशकात अर्थव्यवस्था कोसळली, तेव्हा कंपन्यांनी आतल्यांना शक्य तितकं सांभाळलं आणि नवी भरती आटवली. साधारण १९९३ ते २००५ मध्ये पदवी घेतलेल्यांना तिथे ‘हिमयुगाची पिढी’ म्हणतात. एप्रिलची ती एक संधी हुकली, की पुढे कायम नोकरीत शिरणं अवघड.

त्याच काळात ‘हाकेन’, म्हणजे एजन्सीमार्फत पुरवलेले कामगार, वाढले. १९९९ मध्ये ही पद्धत बहुतेक कामांना खुली झाली, २००४ मध्ये कारखान्यांनाही. २००८ च्या मंदीत पहिली कुऱ्हाड यांच्यावर पडली. राहायची खोली नोकरीसोबतच मिळालेली, त्यामुळे नोकरी गेली की घरही गेलं. त्या वर्षअखेरीस टोकियोच्या हिबिया पार्कमध्ये अशांसाठी तंबू उभारले गेले. समोरच श्रम मंत्रालय होतं. शेवटी त्याचं सभागृह त्यांना झोपायला उघडावं लागलं.

२०१३ पासून एक नियम आला: मुदतीचे करार एकाच मालकाकडे ५ वर्षांपुढे गेले, तर कामगार बेमुदत करार मागू शकतो. विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी ही मुदत १० वर्षं आहे. काही मालक ती भरायच्या आधीच करार संपवतात.

आज जपानमध्ये तीनपैकी एकाहून जास्त नोकरदार कायम नोकरीच्या बाहेर आहेत. म्हणून तिकडची ऑफर आली, तर पगाराआधी एक गोष्ट बघा: पद ‘सेइशाइन’ आहे की ‘केइयाकु शाइन’? पहिलं म्हणजे कायम, दुसरं म्हणजे करारावर. ऑफिस एकच असेल, कदाचित कामही तेच; पण नोकरी जाण्याची वेळ आली की दोघांची परिस्थिती फार वेगळी असते.