ओथोचे न पाडलेले नाणे

रोमी नाण्यांचा नाद ज्याला एकदा लागला, त्याला सुएटोनियसने ज्यांची चरित्रे लिहिली त्या बाराही सीझरांची मालिका, आणि तीही शक्यतो मोठ्या पितळी नाण्यांची, आपल्या संग्रही असावी, ही तृष्णा कधी ना कधी ग्रासतेच; आणि त्या मालिकेतील आठवा, इ. स. ६९ च्या जानेवारीत गादीवर येऊन एप्रिलमध्ये स्वतःच्या हाताने मेलेला मार्कस ओथो, हा माझ्या मनात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला विषय आहे. रोमच्या टांकसाळीने ओथोच्या नावे सोने पाडले, रुपे पाडले. पितळ मात्र पाडले नाही. ओथोच्या आधीच्या सम्राट गाल्बाच्या अल्प कारकिर्दीत सुटे नाणे अमाप निघाल्यामुळे नव्याची निकड भासली नसावी, असा तर्क केला जातो. सीरियातील अँटिओक नगरीने त्याच्या मुखवट्याचे ताम्रनाणे काढले, परंतु ते प्रांतिक. तेव्हा रोमचा म्हणून ओथोचा सेस्टर्शियस, म्हणजे मोठे पितळी नाणे, कोणी पुढे केला, तर भिंग हाती घेण्यापूर्वीच निकाल द्यावा, इतकी ही गोष्ट सरळ आहे; आणि तरीही असे सेस्टर्शियस विकले गेले, कारण धनिकाच्या पेटीतील रिकामा खण भरून देणारा कारागीर कोणत्याही शतकात मिळतोच.

त्या कारागिराने ओथो शोधला तो नीरोमध्ये. नीरोची पितळी नाणी विपुल, आकाराने ऐसपैस, चेहरा मांसल, मान जाड. शिवाय नीरो डोक्यावर केसांच्या पायऱ्या रचवून घेत असे. आणि ओथोचे केस विरळ झाल्यामुळे तो इतका बेमालूम टोप घाली की कोणाला शंकाही येऊ नये, असे सुएटोनियस लिहितो, व एवढ्यावर न थांबता, दाढी उगवू नये म्हणून हा गृहस्थ तोंडाला ओला पाव चोळी, अशी चहाडीही करतो. ओथोच्या चांदीच्या नाण्यांवर त्या टोपाच्या लाटा ओळीने मांडलेल्या दिसतात. छिन्नीवाल्याला उरले काय, तर नीरोच्या पायऱ्या थोड्या घासून त्यांच्या लाटा करणे. सम्राटाची ही हजामत करणारा सुएटोनियस वाचलेला होता, याविषयी मला संदेह नाही.

त्याची खरी पंचाईत अक्षरांपाशी होते. धातू खरवडता येतो, वाढविता येत नाही. त्यामुळे नीरोचे नाव काढून तेथे ओथोचे उठावदार नाव उभे करायचे, तर सभोवतालची सपाटी खोल करावी लागते, आणि जुन्या दस्तऐवजात मूळ नाव खरडून दुसरे घातले असता कागद उजेडासमोर धरताच तेवढीच जागा पातळ दिसते, तसे येथेही घडते. नाणे तिरप्या प्रकाशात धरावे. ठशाच्या आघाताने उठलेल्या अक्षराची बाजू उतरती असते, कारण तेथे धातू दबून ठशाच्या खाचेत चढलेला असतो. कोरलेले अक्षर भिंतीसारखे ताठ उभे राहते, त्याच्या पायथ्याशी खंदक दिसतो, सपाटीवर समांतर ओरखडे दिसतात. शतकानुशतकांचा हिरवा थर नेमका लेखाच्या पट्ट्यात तुटून तेथे रंगाचे सारवण आले असेल, तर अधिक शहानिशा करण्याचे कारण नाही. वजनावर मात्र विसंबू नये. नाणे पुरातनच असल्यामुळे वजन, धातू, कडा हे सारे त्याच्याच बाजूने साक्ष देतात, आणि म्हणूनच संपूर्ण बनावट नाण्यापेक्षा हे फेरफार केलेले नाणे अधिक घातकी, असे माझे मत आहे. दोन नाणी तासून एकाचे मुख दुसऱ्याच्या पाठीस जोडण्याची युक्ती त्यामानाने बाळबोध. तिची सांध कडेवर सापडते.

निर्विवाद पुरावा एकच, तो म्हणजे त्याच ठशाचे दुसरे नाणे. एका ठशातून हजारो नाणी निघत, त्यांतील एखादे भावंड कोठल्या तरी संग्रहालयाच्या चित्रपत्रात असतेच. ते शेजारी ठेवून नाकाच्या शेंड्यापासून अक्षरापर्यंतचे अंतर आणि पाठीवरील आकृतीची ठेवण ताडून पाहिली, की ओथोच्या पाठीशी नीरोचाच ठसा उभा असल्याचे उघड होते.

हे कोरणीकाम सगळेच लबाडीचे होते असे मात्र नव्हे. ज्या काळात शिल्पकार थोरवाल्डसेन ग्रीसमधील ईजिनाच्या मंदिरातील भग्न मूर्तींना नवे अवयव जोडून वाहवा मिळवीत होता, त्या काळात झिजलेल्या सम्राटाच्या केसांच्या बटा पुन्हा कोरून देणे हा जीर्णोद्धारच वाटत असे. सपाटीवरची खरबड केवळ गुळगुळीत केली, काही नवे कोरले नाही, तर दोष नाही, असे आजही विक्रेते सांगतात. मला हा युक्तिवाद पटत नाही, कारण गुळगुळीत करणारा हात कोठे थांबला हे तो हातच जाणतो.

त्याच सुमारास जर्मनीत हॉफराट हा दरबारी किताब मिरविणारा कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) नवे ठसे कोरून ते अस्सल प्राचीन नाण्यांवरच ठोकीत होता, म्हणजे धातूची तक्रार मिटे. आणि अशी नाणी जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसात व वंगणात घालून, गाडीला पेटी बांधून तो त्यांना फेरफटक्यास नेई, असे सांगतात. जुन्या नाण्यावर नवा ठसा मारण्याचा प्रकार आपल्याकडेही आहे: नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या ठेव्यात क्षत्रप नहपानाच्या हजारो नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला आढळतो. पण खालचा नहपान दिसू नये अशी खटपट त्याने केलेली नाही.

बेकरची साद्यंत कुंडली १९२४-२५ मध्ये मांडली ती ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज हिल यांनी. आणि दक्षिणेतील पुदुक्कोट्टै संस्थानात सापडलेली रोमी सोन्याची ५०१ नाणी १८९८ मध्ये प्रसिद्ध करणारेही हेच हिल, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. त्या नाण्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकावर छिन्नीचा खोल घाव आहे. तो का घातला, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण तो प्राचीन आहे, आणि त्यात कोणाला फसविण्याचा हेतू दिसत नाही. भारतात आलेली कित्येक रोमी सुवर्णनाणी दागिना म्हणून भोक पाडून वापरली गेली, आणि पुढे बाजारासाठी ती भोके बुजविली गेली. तेव्हा अशा नाण्याच्या माथ्याजवळ एखादे अक्षर इतरांपेक्षा धारदार आणि त्याभोवतीचे सोने किंचित निराळ्या छटेचे दिसले, तर नाणे उलटून पाठीवर त्याच जागी काय आहे, ते आधी पाहावे.